सदतीस नंबरची वेळ

सोनूचं जावळ काढलं त्या साली, म्हणजे एकोणीसशे ब्याऐंशीत, रावजी गोताडच्या हातात दवाखान्याची वेळेची वही आली. जावळाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. मुलगा शिवा मुंबईहून, गोदीतल्या कामावरून चार दिवसांची रजा काढून आला होता. रावजी नातीला मांडीवर घट्ट धरून न्हाव्यापुढं बसला होता, तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, नवे डॉक्टर बोलावतात, लगेच या.

"आवो, पोरीचं अर्धं डोकं तरी हुऊ द्या!" रावजीची बायको गोदा करवादली.

"अर्धं झालंय. उरलेलं तिच्या बापसानं धरावं," असं म्हणून रावजीनं सोनूला शिवाच्या मांडीवर दिलं आणि पायांत वहाणा सरकवल्या.

दवाखाना वीस खाटांचा. खाडीच्या वरच्या अंगाला, चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर. रावजी तिथं एकोणीस वर्षं नोकरीला होता. स्ट्रेचर ओढणं, जखमा धुणं, मेलेल्याला चादरीत गुंडाळणं, सगळं त्याच्याकडे. अक्षर मात्र त्यानं चाळिशी उलटल्यावर गिरवलं, शाळेच्या पडवीत दुपारी प्रौढांचा वर्ग भरायचा तिथं. नवे डॉक्टर खातू अठ्ठावीस वर्षांचे, हडकुळे, सतत काहीतरी टिपून ठेवणारे. त्यांनी रावजीपुढं एक जाडजूड वही टाकली.

"रावजी, मला साप चावलेल्या माणसांचा अभ्यास करायचाय. चावल्यापासून लस मिळेपर्यंत किती वेळ गेला, आणि माणूस जगला की गेला. पण मी विचारतो कधी चावला, तर एक म्हणतो मघाशी, दुसरा म्हणतो उन्हं तापल्यावर. त्यावरून मी काय लिहू?"

"त्यास्नी घड्याळ ठावं नाय, सायेब. त्यास्नी यष्टी ठावी हाय."

आणि रावजीनं स्वतःची रीत बसवली. दारात डोली टेकली की तो विचारायचा, चावला तेव्हा कोणती एसटी वर गेली होती? शाळेची घंटा झाली होती का? गुरं रानात होती की पाण्यावर? दोन-तीन उत्तरं घेऊन, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तो वेळ लिहायचा. एकदा हातात घड्याळ असलेल्या मास्तरांनाच साप चावला. रावजीनं आधी त्यांच्या बायकोला विचारून वेळ काढली, मग मास्तरांनी सांगितली. दोन्हींत जेमतेम दहा मिनिटांचा फरक पडला. त्या दिवसापासून खातू डॉक्टरांनी रावजीनं लिहिलेली वेळ पुन्हा तपासली नाही.

पण लोक एक गोष्ट लपवायचे. वरच्या गावांत साप चावलेलं माणूस शिवेबाहेर न्यायचं तर आधी ग्रामदेवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर न्यायचं, डावी पडली तर गावातच ठेवून झाडपाला करायचा, कुठलीच पडली नाही तर थांबायचं. त्यात तास जातो, दोन तास जातात. दवाखान्यात आल्यावर तो वेळ कुणी कबूल करत नसे. रावजी त्यांच्यातलाच, त्याला चेहऱ्यावरून कळायचं.

"कौलाला थांबलाव ना?"

"नाय वो, थेट आलो."

"थेट? थेट येतोस तर डोलीवर तुळशीमाळ नि कुंकू कुठनं आलं? देवी काय बोल्ली, दवाखान्यात नको जाऊ? देवी काय येडी हाय तुज्यासारखी?"

ओळीत बसलेले रोगी हसायचे. सांगणारा मान खाली घालून खरी वेळ सांगायचा. लोक रावजीला दारातला फौजदार म्हणू लागले, आणि हे नाव त्याला मनातून आवडायचं.

त्र्याऐंशीचा दसरा झाला. भात पिवळं पडलं आणि कापणीला हात कमी पडू लागले. पंचवीस ऑक्टोबरचा मंगळवार रावजीचा सुट्टीचा दिवस. तो, गोदा आणि सून चिमा सकाळीच वळईच्या शेतात उतरली. चिमा बावीस वर्षांची, कामाला चपळ, बोलायला त्याहून. सोनूला बांधावर आंब्याच्या सावलीत बसवलं होतं. साडेदहाला वरच्या रस्त्यानं एसटी भोंगा वाजवत गेली आणि चिमानं कापलेल्या भाताची पेंढी उचलली. पेंढीखाली नाग होता. तिच्या मनगटाला चावून तो बांधाच्या भोकात गेला. रावजीनं आपल्या डोळ्यांनी बघितला.

त्यानं अंगावरचा पंचा तिच्या दंडाला बांधला, हाका मारून माणसं गोळा केली, डोली केली. आतापर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. गावाची वाट देवळासमोरून जाते. तिथं देवळाचा कारभार बघणारा गावकर काशीराम आडवा उभा होता.

"काशीराम, सर बाजूला. येळ नाय."

"येळ मलाबी कळते. देवीला इचारल्याबिगर शीव ओलांडतोस?"

"मी दवाखान्यातला माणूस हाय. मला ठावं हाय काय करायचं ते."

"आनि शिमग्याला पालखीचा पयला खांदा कुनाचा? तुजाच ना? मानकरी म्हनून पुढं उभा ऱ्हातोस, नि आज घरचं माणूस हाय तर देवी नको झाली?"

डोली धरणाऱ्या चौघांनी डोली खाली ठेवली. रावजी एकटा ती उचलू शकत नव्हता. पुढं कितीतरी महिने तो स्वतःला हेच सांगत राहिला. पण तेवढंच खरं नव्हतं. त्याच्याही मनात आलं होतं, की पाच मिनिटांचं काम आहे, होऊन जाऊ दे, आणि काही वाईट झालं तर गाव म्हणायला नको की रावजीनं देवीला डावललं.

पाकळ्या लागल्या. सकाळच्या धुक्याची ओल देवळात साचली होती, पाषाण ओला होता. पाकळ्या पडेनात. गुरवानं तीनदा गाऱ्हाणं घातलं. खालच्या रस्त्यानं बाराची गाडी आली आणि गेली. गोदा डोलीपाशी बसून चिमाचं कपाळ पुसत होती.

"मामा," चिमा म्हणाली, "डोळं उघडं ऱ्हात नायत."

साडेबाराला उजवी पाकळी पडली. मग सगळे पळाले. रस्त्यावर चिरे भरलेला ट्रक मिळाला, त्यानं दवाखान्याच्या दारात आणून सोडलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

एरवी दारात रावजी असायचा आणि प्रश्न विचारायचा. त्या दिवशी प्रश्न विचारणारं तिथं कुणी नव्हतं. डॉक्टर धावत आले आणि चिमाच्या पापण्या वर करत त्यांनी विचारलं, "रावजी, वेळ?"

ओळीत माणसं बसली होती. त्यांत एक म्हातारा, ज्याला रावजीनं आठच दिवसांपूर्वी कौलावरून सगळ्यांदेखत झाडलं होतं. आनंदीबाई नर्स सुई घेऊन उभ्या होत्या. सगळे रावजीकडे बघत होते.

"साडेबारा," रावजी म्हणाला.

"चाळीस मिनिटं!" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "मग वाचवू आपण हिला. घाबरू नका."

चार बाटल्या लस सलाइनमधून लावली. फ्रीजमध्ये आणखी सात होत्या. पण कापणीचे दिवस, संध्याकाळपर्यंत आणखी कुणी येईल, आणि वेळेत आलेल्याला चार पुरतात, असा डॉक्टरांचा तोवरचा अनुभव. अडीच वाजता चिमाचा श्वास थांबायला लागला. डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरला आणि रबरी फुगा रावजीच्या हातात दिला. रावजीनं फुगा दाबला, सोडला, दाबला, सोडला. उरलेल्या सातही बाटल्या गेल्या. सव्वाचारला डॉक्टरांनी रावजीच्या हातातून फुगा काढून घेतला. तो सोडत नव्हता, बोटं एकेक करून उकलावी लागली.

तिसऱ्या दिवशी कामावर आल्यावर रावजीनं वही उघडली. सदतिसावी केस. नाव, वय, गाव, आणि चावल्याची वेळ: साडेबारा. आपल्याच हातानं, नीट, ओळीच्या वर न जाता लिहिली.

गावात कुणी काही बोललं नाही. कौलाला सगळेच उभे होते, बोलणार कोण? शिवा आला, तेरा दिवस राहिला. बाराव्याला तो दवाखान्यात गेला आणि त्यानं डॉक्टरांना विचारलं, "चारच बाटल्या का दिल्यात?" डॉक्टर म्हणाले, "जास्त द्यायला हव्या होत्या." शिवानं त्यांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. डॉक्टर ऐकत उभे राहिले. रावजी दाराशी उभा राहून ऐकत होता. मग बापलेक घरी आले आणि गोदानं दोघांना वाढलं. सोनूला गोदाकडे ठेवून शिवा मुंबईला परत गेला.

पुढच्या वर्षी, चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात, खाडीपलीकडून धोंडूबाई आली. कोळीण, चाळिशीची. सकाळी सरपणाच्या ढिगात हात घातला आणि नाग चावला. नवऱ्यानं, बाबल्यानं, तिला होडीत घातली, पाणी ओलांडून आणली आणि स्वतः पाठुंगळीला घेऊन पायऱ्या चढला. रावजीनं वेळ काढली. पन्नास मिनिटं.

"कौल-बिल?" रावजीनं विचारलं.

"कसला कौल? भरतीचं पानी उतरायच्या आत पोचायचं व्हतं," बाबल्या धापा टाकत म्हणाला.

"शाब्बास रं. थेट आनलंस," रावजी म्हणाला आणि त्यानं बाबल्याच्या पाठीवर हात ठेवला.

पण फ्रीजमध्ये दोनच बाटल्या होत्या. आदल्या दिवशी एक शेतकरी आला होता, त्याला दहा दिल्या होत्या. त्या दोन धोंडूबाईला दिल्या आणि आणखी लस आणायला जीप चिपळूणकडे पिटाळली. दरड कोसळल्यानं जीप अडकली, ती परत आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. धोंडूबाई दोनला गेली. बाबल्यानं तिला परत होडीतूनच नेलं. रावजीला त्या दिवशी वाईट वाटलं, पण ते दुसऱ्याच्या दुःखाचं वाईट वाटणं होतं. लस संपली होती, त्याला काय करणार?

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी जिल्ह्यातल्या डॉक्टरांची सभा रत्नागिरीत एका शाळेच्या सभागृहात भरली. खातू डॉक्टर तिथं आपला पेपर वाचणार होते. तीन वर्षांच्या एकसष्ट केसेस. त्यांनी पुठ्ठ्यावर चार मोठे तक्ते रंगवले होते आणि ते धरायला रावजीला बरोबर घेतलं होतं. जीपमध्ये डॉक्टर सारखे कागद चाळत होते.

"सायेब, घाबरताव काय?"

"सोहोनी डॉक्टर असणार आहेत. सत्तरीचे. त्यांनी आजवर कुणाचा पेपर सरळ जाऊ दिलेला नाही."

सभागृहात चाळीसेक डॉक्टर होते. खातू डॉक्टर बोलले ते रावजीला अर्धंमुर्धं कळलं, कारण निम्मं इंग्रजीत होतं. पण तक्ते त्याच्या हातात होते आणि आकडे त्याचेच होते. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतून एक ठेंगणे म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले आणि मराठीतच बोलले.

"खातू, कष्ट केलेत, ते दिसतंय. आता माझं ऐका. तुमच्याकडे एकसष्ट माणसं आली. जी वाटेतच मेली, ती या तक्त्यात कुठं आहेत?"

"नाहीत, सर."

"मग उशिरा आलेल्यांपैकी इतके जगले, असं म्हणू नका. उशिरा येऊनही दारापर्यंत जिवंत पोचले, त्यांतले इतके जगले, असं म्हणा. दणकट तेवढेच तुमच्यापर्यंत आले."

खातू डॉक्टरांनी लिहून घेतलं.

"दुसरं. या वेळा कुणी सांगितल्या? नातेवाइकांनी? आमच्याकडे नातेवाईक सकाळची दुपार करतात."

खातू डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "सर, वेळा यांनी काढल्यात. हे रावजी गोताड, आमचं घड्याळ."

सभागृह हसलं. सोहोनींनी रावजीला पुढं बोलावलं आणि चष्म्यावरून बघितलं. "काय हो घड्याळ, चावी कोण देतं?"

"एसटी महामंडळ," रावजी म्हणाला. पुन्हा हशा झाला. त्यानं आपली रीत सांगितली, गाड्या, घंटा, गुरं. सोहोनी मान हलवत ऐकत होते.

"छान. हे पेपरात सविस्तर घाला, खातू. याची किंमत बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे. बसा रावजी. नाही, थांबा, तो दुसरा तक्ता वर धरा. आता हे बघा. तासाच्या आत आलेले नागाचे तेरा रोगी. अकरा जगले. दोन गेले. सदतीस आणि बावन्न. सदतीस नंबर चाळीस मिनिटांत आला, आणि आला तेव्हा पापण्या मिटलेल्या, आवाज गेलेला. मी चाळीस वर्षं नाग बघतोय. इतक्या लवकर ही अवस्था क्वचित येते. ही वेळ मला पटत नाही."

रावजीच्या हातातला पुठ्ठा थोडा खाली आला.

"सर, बाकी साठांच्या वेळांवर शंका घ्या," खातू डॉक्टर म्हणाले. "ही एकच वेळ पक्की आहे. सदतीस नंबर रावजींची सून. ते शेतात शेजारी उभे होते."

सोहोनी रावजीकडे बघून हळू म्हणाले, "माफ करा. मला ठाऊक नव्हतं." मग खातूंकडे वळले. आता त्यांचा आवाज कोरडा होता. "वेळ पक्की असेल तर दोष उपचारात आहे. किती लस दिलीत?"

"आधी चार. सात शिल्लक ठेवल्या. त्या द्यायला उशीर झाला." खातू डॉक्टरांनी टेबलाची कड धरली. "ती माझी चूक होती, सर. माझ्या हातून ती बाई गेली. पेपरात तसं लिहिलंय. त्यानंतर मी ठरवलं, नागाच्या रोग्याला पहिल्या तासातही एकदम दहा द्यायच्या. माझी शिफारस त्यावरच आहे."

"आणि बावन्न नंबरला दोनच का?"

"शिल्लक तेवढ्याच होत्या. आदल्या दिवशीच्या रोग्याला दहा दिल्या होत्या."

"तो कसा होता?"

"पायाला सूज. पापण्या किंचित जड. पाऊण तासात आला होता."

"म्हणजे चारांत भागलं असतं. सदतीस नंबरची केस झाली नसती, तर किती दिल्या असत्या?"

खातू डॉक्टरांनी तक्त्याकडे बघितलं. "चार."

"म्हणजे बावन्नला आठ मिळाल्या असत्या."

"हो."

रावजीला हिशेब समजायला इंग्रजी लागलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं बाबल्याची घामानं भिजलेली पाठ आली. त्या पाठीवर ठेवलेला आपला हात आला. आतापर्यंत त्याला वाटत होतं की खोटं बोललो ते आपल्या घरातलं, आपल्यापुरतं. फार तर डॉक्टरला चार शिव्या बसल्या. आणि खरं बोललो तर शिवा जाईल, सोनू जाईल, म्हातारपणी गोदा आणि आपण दोघंच उरू. हे सगळं त्यानं दीड वर्षात शंभरदा मनात मांडून बघितलं होतं. धोंडूबाई त्या मांडणीत कधी नव्हतीच.

सोहोनी बसत होते. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारायला कुणीतरी उठलं.

"नाय," रावजी म्हणाला.

कुणाला नीट ऐकू आलं नाही. त्यानं तक्ता भिंतीला टेकवून ठेवला.

"ती येळ खोटी हाय. सदतीसची. साडेबारा नाय. साडेधा."

"रावजी?" खातू डॉक्टर म्हणाले.

"साडेधाची यष्टी वर गेली नि तिनं पेंढी उचलली. मग आमी देवळात थांबलो. पाकळी पडत नव्हती. दोन तास थांबलो. मी मानकरी, मी थांबलो. तुमी दारात इचारलात, तवा समदी बघत व्हती. जन्मभर त्यास्नी मी बोललो, तेच माज्या तोंडावर येनार व्हतं. मी साडेबारा बोल्लो." त्यानं ओठांवरून हात फिरवला. "चार बाटल्यांचा दोष नाय. चाळीस मिन्टं नाय ती. दोन तास चाळीस."

फेब्रुवारीतलं ऊन खिडकीतून तक्त्यांवर पडलं होतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सोहोनी डॉक्टर पुन्हा उठले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"खातू, सदतीस नंबर खोडू नका," ते म्हणाले. "वेळ दुरुस्त करा, आणि आधी चूक कशी लिहिली गेली आणि कशी कळली, ते खाली टीप म्हणून लिहा. खोडलीत तर पुढचा माणूस तीच चूक पुन्हा करेल. दहा बाटल्यांची शिफारस मागे घ्या." त्यांनी चष्मा परत चढवला. "बावन्न नंबरखाली काय लिहायचं ते मला सांगता येत नाही."

परतीच्या वाटेवर डॉक्टर कागद न चाळता मांडीवर धरून बसले होते. रस्त्याकडेच्या बागांत कलमांना कैऱ्या धरल्या होत्या, माणसं लांब बांबूंना नळी बांधून फवारणी करत होती. घाट चढून जीप वर आली तेव्हा ते म्हणाले, "मी धोंडूबाईच्या नवऱ्याला सांगितलं होतं, लस संपली होती. का संपली होती, ते मलाच ठाऊक नव्हतं."

रावजीनं घसरणारे तक्ते पायाशी सरळ केले.

"मला सांगायचं होतंत, रावजी. मला एकट्याला. मी कुणाला बोललो नसतो."

"ठावं हाय, सायेब. म्हनून जास्त जड जात व्हतं."

उतरताना रावजीनं विचारलं, "उद्या येऊ का कामावर?"

"या," डॉक्टर म्हणाले. "वही मात्र आनंदीबाईंकडे द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी रावजीनं शिवाला पत्र लिहिलं. दुसऱ्याकडून लिहून घेतलं नाही. एक पान लिहायला त्याला दोन तास लागले. आठवड्यानं तो होडीतून खाडीपलीकडे गेला. बाबल्या किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता. रावजीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाबल्यानं ऐकून घेतलं. मग जाळ्यातली सुई न थांबवता म्हणाला, "तुमी जावा आता. पानी उतरंल."

शिमग्याला शिवा आला. पालखी वाडीत नाचत होती, पण रावजी यंदा खांद्याला गेला नव्हता. काशीरामानं दोनदा माणूस धाडलं, त्यानं येत नाही म्हणून सांगितलं. शिवा अंगणात उभा राहिला, पिशवी खाली न ठेवता. खिशातून पत्र काढून त्यानं पुढं धरलं.

"बाबा, हे तुमी लिवलंव?"

"मीच."

"साडेधा?"

"साडेधा."

"मी त्या डॉक्टरला आईबहिणीवरनं बोललो. तुमी दारात उभं व्हतात."

"व्हतो."

"मग घरला येऊन माज्या शेजारी बसून जेवलाव."

गोदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "शिवा, मलाबी ठावं व्हतं. मी पन बोल्ले नाय. बोलायचं तर मलाबी बोल."

शिवानं आईकडे बघितलं. घरात जाऊन त्यानं सोनूचे दोन झगे आणि चिमाचा लग्नातला फोटो पिशवीत भरला. सोनू चार वर्षांची होती. मुंबईला जायचं म्हटल्यावर नाचत बाहेर आली. आजोबा येत नाहीत हे तिला पायवाटेच्या वळणावर समजलं. तिथून तिचा रडण्याचा आवाज घरापर्यंत येत होता, मग पालखीच्या ढोलात तो बुडाला. पुढं दरवर्षी शिवाची आईला मनिऑर्डर यायची. तो स्वतः आला नाही.

पेपर शहाऐंशीत डॉक्टरांच्या एका मासिकात छापून आला. खातू डॉक्टरांची तोवर बदली झाली होती, पण त्यांनी एक प्रत रावजीच्या नावानं टपालानं पाठवली. सगळं इंग्रजी. रावजीला आकडे वाचता येत होते, म्हणून तो तक्त्यावरून बोट फिरवत खाली आला. सदतीसच्या ओळीत वेळ बरोबर होती, दोन तास चाळीस मिनिटं. बावन्नच्या ओळीत पन्नास मिनिटं. दोन्ही ओळींच्या शेवटी फुलीची एकच खूण होती आणि तिचा अर्थ त्याला माहीत होता. नावं कुठंच नव्हती. छापताना रोग्यांची नावं देत नाहीत.

सदतीस नंबर चिमा शिवा गोताड. वय बावीस. मंगळवार, पंचवीस ऑक्टोबर एकोणीसशे त्र्याऐंशी रोजी दुपारी सव्वाचार वाजता वारली.

बावन्न नंबर धोंडूबाई बाबल्या पालशेतकर. वय चाळीस. बुधवार, बारा सप्टेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी रोजी दुपारी दोन वाजता वारली.